प्रोग्रॅमला मेल उघडत नाही? पासवर्ड बदलण्याआधी हे तपासा

माझ्या ताईचा घरगुती मसाल्यांचा आणि दिवाळीत फराळाचा व्यवसाय आहे. ऑर्डरी ईमेलवर येतात. दर काही मिनिटांनी इनबॉक्स उघडून नव्या ऑर्डरी तक्त्यात भरणारा एक छोटा प्रोग्रॅम मी तिला पायथनमध्ये लिहून दिला होता. वसुबारसेच्या सकाळी तक्ता रिकामा दिसला. प्रोग्रॅम एकच ओळ छापत होता: लॉगिन फेल्ड. ब्राउझरमध्ये मात्र तेच खातं नीट उघडत होतं.

मी पासवर्ड पुन्हा टाइप केला. मग बदलला. मग परत बदलला. चार तास त्यात गेले आणि ताईची चकलीची ऑर्डर घेणारी माणसं फोन करत राहिली. शेवटी कळलं ते असं: आदल्या रात्री ताईने फोनवरून खात्याचा पासवर्ड बदलला होता, आणि त्याच क्षणी प्रोग्रॅमसाठी काढलेला वेगळा पासवर्ड आपोआप रद्द झाला होता. त्यानंतर मी खात्याच्या मुख्य पासवर्डाशी कितीही झटापट केली असती तरी प्रोग्रॅमला आत प्रवेश मिळणार नव्हता. सर्व्हर पहिल्या मिनिटापासून कारण सांगत होता. मी ते वाचलं नव्हतं, कारण माझ्याच कोडने ते गिळून टाकलं होतं.

म्हणून हा लेख. तुम्ही पहिल्यांदाच पायथनमधून, किंवा दुसऱ्या कुठल्या भाषेतून, मेल वाचायला बसला असाल आणि लॉगिन अडत असेल, तर खालच्या क्रमाने जा. उदाहरणं पायथनच्या इमॅपलिबची (पायथनसोबतच येणारं मेल वाचण्याचं मॉड्यूल) आणि जास्त करून जीमेलची आहेत, कारण बहुतेकांची सुरुवात तिथून होते. कोडमधली नावं आणि सर्व्हरचे संदेश मी देवनागरीत लिहिले आहेत. स्क्रीनवर ते इंग्रजीतच दिसतील आणि टाइपही इंग्रजीतच करायचे आहेत.

अडलं कुठे, ते आधी ठरवा

आपण ज्याला एका दमात "लॉगिन" म्हणतो त्यात चार वेगळ्या गोष्टी घडतात. जुन्या वाड्यात शिरण्यासारखं आहे ते. आधी गल्ली सापडायला हवी, म्हणजे सर्व्हरचं नाव आणि पोर्ट. मग दिंडी दरवाजा उघडायला हवा, म्हणजे टीएलएसची सुरक्षित जोडणी. मग ओसरीवर कोणीतरी विचारतं, "कोण आपण?" तिथे नाव आणि पासवर्ड. आणि आत घेतल्यावर माजघरात, म्हणजे हव्या त्या फोल्डरमध्ये जायचं. पासवर्डाचा संबंध फक्त तिसऱ्या जागी येतो.

नवशिक्यांच्या प्रोग्रॅममध्ये या चारही गोष्टी एकाच ट्राय-एक्सेप्टमध्ये गुंडाळलेल्या असतात आणि खाली "लॉगिन फेल्ड" एवढंच छापलेलं असतं. ते एक्सेप्ट तात्पुरतं काढून टाका. प्रोग्रॅमला पूर्ण एरर ओकू द्या. ती लांबलचक लाल एरर घाबरवते खरी, पण तिची शेवटची ओळ तुमच्या कामाची आहे. त्या ओळीच्या सुरुवातीला एररचा प्रकार असतो, आणि तो प्रकारच सांगतो की तुम्ही गल्लीत आहात, दिंडीत आहात की ओसरीवर.

गायएरर किंवा "गेट-ॲड्रेस-इन्फो फेल्ड" दिसलं तर सर्व्हरचं नाव चुकलं आहे किंवा इंटरनेटच बंद आहे. "कनेक्शन रिफ्यूज्ड" आलं तर नाव बरोबर, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत बसलेलं नाही. "टाइम्ड आउट" आलं, किंवा प्रोग्रॅम नुसताच लटकून राहिला, तर बहुधा मध्ये कुठेतरी फायरवॉल, म्हणजे नेटवर्कची अडवणारी भिंत, आहे. कॉलेजच्या वसतिगृहात आणि ऑफिसच्या वायफायवर हे नेहमी होतं, कारण तिथे मेलचे पोर्ट बंद केलेले असतात. पारख सोपी आहे: लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा आणि तोच प्रोग्रॅम चालवा. हॉटस्पॉटवर चालला तर पासवर्डाकडे बघूही नका, नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाकडे जा. प्रोग्रॅम लटकून राहू नये म्हणून जोडणी करतानाच टाइमआउट द्या. पायथन ३.९ पासून इमॅपलिबमध्ये तशी सोय आहे.

आणि एररच्या प्रकारात "आयमॅप४ डॉट एरर" असेल, तरच सर्व्हरने तुमचं म्हणणं ऐकून नकार दिला आहे. खरी लॉगिनची अडचण ती.

गल्ली आणि दिंडी: नाव, पोर्ट, टीएलएस

आयमॅप म्हणजे सर्व्हरवरचे मेल वाचण्याची ठरलेली पद्धत. तिचे पोर्ट दोन. ९९३ वर पहिल्या अक्षरापासून सगळं टीएलएसच्या आत चालतं. १४३ वर बोलणं साध्या मजकुरात सुरू होतं आणि मग "स्टार्ट-टीएलएस" म्हणून कुलूप लावलं जातं. पॉप३ (मेल उतरवून घेण्याची जुनी पद्धत) साठी हीच जोडी ९९५ आणि ११० अशी आहे. ४६५ आणि ५८७ हे मेल पाठवण्याचे पोर्ट आहेत. पाठवणारा कोड कुठून तरी उचलून मेल वाचायला वापरला की हे आकडे चुकून सोबत येतात.

पोर्ट आणि पद्धत यांची जोडी जुळली नाही तर एरर फसवी असते. १४३ वर आयमॅप४_एसएसएल वापरलं तर "राँग व्हर्जन नंबर" असं येतं. वाचणारा बिचारा पायथनची आवृत्ती बदलत बसतो. त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही टीएलएसमध्ये बोललात आणि समोरून साध्या मजकुरात उत्तर आलं. उलट ९९३ वर साधं आयमॅप४ वापरलं तर प्रोग्रॅम वाट बघत बसतो आणि शेवटी जोडणी तुटते. नव्याने लिहीत असाल तर ९९३ आणि आयमॅप४_एसएसएल एवढंच धरून चाला.

सर्व्हरचं नाव अंदाजाने टाकू नका. जीमेलचं "इमॅप डॉट जीमेल डॉट कॉम". याहूचं "इमॅप डॉट मेल डॉट याहू डॉट कॉम". मायक्रोसॉफ्टचं "आउटलुक डॉट ऑफिस३६५ डॉट कॉम". झोहो वापरणाऱ्यांनी इथे विशेष जपावं: भारतात उघडलेली खाती बहुधा डॉट इन वर असतात, त्यामुळे सर्व्हरही "इमॅप डॉट झोहो डॉट इन" लागतो, आणि स्वतःच्या डोमेनचं खातं असेल तर "इमॅपप्रो डॉट झोहो डॉट इन". डॉट कॉमचा पत्ता टाकला की बरोबर पासवर्डही चूक ठरतो, कारण तुमचं खातं त्या वाड्यात राहतच नाही. झोहोच्या सेटिंगमध्ये आयमॅप आधी चालूही करावं लागतं.

स्वतःच्या डोमेनचा पत्ता असेल, समजा दुकानाच्या नावाचा, तर आणखी एक प्रश्न विचारा: ही मेलपेटी आहे कोणाकडे? डोमेन तुमचं असलं तरी मेल गूगल वर्कस्पेसवर असू शकतो. मग सर्व्हर जीमेलचाच द्यायचा, "मेल डॉट आपलं डोमेन" नाही. डोमेनचे एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे त्या डोमेनचे मेल कुठे पाठवायचे हे सांगणाऱ्या नोंदी, पाहिले की पेटी कुठे आहे याचा अंदाज लगेच येतो.

टीएलएसबद्दल एकच सांगतो, पण ते मनावर घ्या. "सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड" आलं की तपासणीच बंद करून टाका, असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो घेऊ नका. तपासणी बंद केली तर पासवर्ड नक्की कोणाच्या हातात देतो आहोत हेच कळणार नाही. आधी संगणकाची तारीख बघा. ती चुकीची असेल तर सर्टिफिकेट मुदत संपलेलं किंवा अजून सुरू न झालेलं वाटतं. मॅकवर पायथनच्या संकेतस्थळावरून पायथन घेतलं असेल तर त्यासोबत आलेली "इन्स्टॉल सर्टिफिकेट्स" ही फाइल एकदा चालवावी लागते. काही अँटिव्हायरस मेलची जोडणी मध्येच उघडून तपासतात आणि स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करतात. शिवाय इमॅपलिब स्वतःहून सर्टिफिकेट तपासत नाही हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. एसएसएल मॉड्यूलमधलं "क्रिएट-डिफॉल्ट-कॉन्टेक्स्ट" तयार करून जोडणी करताना द्या, म्हणजे तपासणी होते.

ओसरीवरचा नकार: सर्व्हरचे शब्द वाचा

आयमॅपचा जन्म १९८६ चा. मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्डला असताना त्याची रचना केली. आजही त्याचं बोलणं माणसाला वाचता येईल असं आहे. प्रत्येक आज्ञेला सर्व्हर तीनपैकी एका शब्दाने उत्तर देतो. "ओके" म्हणजे झालं. "नो" म्हणजे कळलं, पण करणार नाही. "बॅड" म्हणजे तुम्ही काय म्हणालात तेच कळलं नाही.

हा नो आणि बॅडमधला फरक फार उपयोगी आहे. लॉगिनला बॅड आलं तर पासवर्ड तपासलाच गेलेला नाही, वाक्याची रचना बिघडली आहे. इमॅपलिब पासवर्डाभोवती अवतरणचिन्हं स्वतः घालतं, पण वापरकर्त्याच्या नावाभोवती घालत नाही. त्यामुळे नावात चुकून जागा शिरली तर वाक्य मोडतं.

नो आलं तर त्यापुढचा चौकटी कंसातला शब्द बघा. २००९ मध्ये या शब्दांची एक प्रमाण यादी ठरली. "ऑथेंटिकेशन-फेल्ड" म्हणजे नाव किंवा पासवर्ड चूक. दोन्हींपैकी कोणतं, ते सर्व्हर मुद्दाम सांगत नाही, नाहीतर चोराला कोणते पत्ते खरे आहेत हे कळेल. "ऑथोरायझेशन-फेल्ड" म्हणजे ओळख पटली, पण तुम्ही मागितलेली पेटी तुमच्यासाठी नाही. "एक्स्पायर्ड" म्हणजे पासवर्डाची मुदत संपली. "प्रायव्हसी-रिक्वायर्ड" म्हणजे आधी टीएलएस लावा. "अनअव्हेलेबल" म्हणजे सर्व्हरच्या मागची यंत्रणा सध्या बंद आहे, थांबा. "कॉन्टॅक्ट-ॲडमिन" म्हणजे शब्दशः तेच, ॲडमिनला गाठा. आणि "अलर्ट" असेल तर पुढचं पूर्ण वाक्य वाचा, कारण ते माणसासाठीच लिहिलेलं असतं.

वसुबारसेच्या सकाळी मी एवढंच वाचलं असतं तरी पुरलं असतं. खात्याचा नेहमीचा पासवर्ड प्रोग्रॅममध्ये टाकला की जीमेल अलर्टमध्ये सरळ सांगतं: "ॲप्लिकेशन-स्पेसिफिक पासवर्ड रिक्वायर्ड".

सर्व्हरशी झालेलं सगळं बोलणं बघायचं असेल तर प्रोग्रॅमच्या सुरुवातीला इमॅपलिबचं "डीबग" ४ करा. पाठवलेली आणि आलेली प्रत्येक ओळ छापली जाईल. मात्र त्यात लॉगिनची ओळ पासवर्डासकट असते. तो मजकूर कोणाला मदतीसाठी पाठवणार असाल तर ती ओळ आधी खोडा. स्क्रीनचा फोटो पाठवतानाही हे विसरू नका.

जीमेल: सोळा अक्षरांचा पासवर्ड

३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी "कमी सुरक्षित ॲप्स"ची सोय बंद केली. त्याआधी एक बटण चालू केलं की नेहमीच्या पासवर्डाने प्रोग्रॅम आत जायचा. त्या काळात लिहिलेले असंख्य लेख आणि व्हिडिओ अजून तसेच आहेत आणि नवशिके ते बटण शोधत फिरतात. ते बटण आता नाही. तसंच "आधी सेटिंगमध्ये आयमॅप चालू करा" हेही जुनं झालं. २०२५ पासून वैयक्तिक जीमेलमध्ये आयमॅप कायम चालूच असतं. पॉप वापरायचं असेल तर मात्र ते अजूनही सेटिंगमधून चालू करावं लागतं. आणि वर्कस्पेसच्या खात्यात ॲडमिन आयमॅप बंद ठेवू शकतो.

आता रस्ते दोन: ॲप पासवर्ड, म्हणजे फक्त प्रोग्रॅमसाठी काढलेला वेगळा पासवर्ड, किंवा ओऑथ, म्हणजे पासवर्डाऐवजी तुमच्या परवानगीने मिळालेलं टोकन दाखवण्याची पद्धत. एकट्यासाठी किंवा घरच्या कामासाठी ॲप पासवर्ड पुरतो. तो काढायचा असा:

१. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. ते नसेल तर ॲप पासवर्डाची सोय दिसतच नाही.
२. खात्याच्या सेटिंगमधल्या शोधपट्टीत "ॲप पासवर्ड" शोधा.
३. ओळखू येईल असं नाव द्या, "मसाला-ऑर्डर" असं काहीतरी. पुढे दहा पासवर्ड झाले की नावाचा उपयोग कळतो.
४. समोर आलेली सोळा अक्षरं लगेच सुरक्षित जागी ठेवा. ती पुन्हा दाखवली जात नाहीत.
५. प्रोग्रॅममध्ये नावाच्या जागी पूर्ण ईमेल पत्ता आणि पासवर्डाच्या जागी ही सोळा अक्षरं द्या.

टू-स्टेप चालू असूनही पर्याय दिसत नसेल तर तीन शक्यता असतात. खातं ऑफिसचं किंवा शाळेचं असून ॲडमिनने बंद केलं असेल, ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन ही गूगलची जास्त कडक सुरक्षा चालू असेल, किंवा दुसरी पायरी म्हणून फक्त सिक्युरिटी की ठेवलेली असेल.

खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात. म्हणूनच "चला, पासवर्ड बदलून बघू" हा उपाय इथे उलटा पडतो. घरातल्या ज्या ज्या माणसाच्या हातात ते खातं आहे त्याला हे सांगून ठेवा. मी ताईला सांगितलं नव्हतं.

न दिसणारी अक्षरं

आता एक असा खड्डा ज्यात मी कित्येकांना पडताना पाहिलं आहे. गूगल ती सोळा अक्षरं चार-चारच्या गटात दाखवतं. ती कॉपी करून कोडमध्ये चिकटवली की मधल्या जागा साध्या स्पेसच असतील असं नाही. त्या "नॉन-ब्रेकिंग स्पेस" असू शकतात. डोळ्यांना फरक दिसत नाही. इमॅपलिब पासवर्ड ॲस्कीमध्ये, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांच्या संचात, बदलायला जातं आणि "युनिकोड-एन्कोड-एरर" देऊन कोसळतं. एररमध्ये बॅकस्लॅश एक्स ए शून्य असा चिन्हसमूह दिसतो. लक्षात घ्या, ही एरर सर्व्हरने दिलेली नाही. पासवर्ड तुमच्या संगणकाबाहेर पडलेलाच नाही.

यावर एक साधी सवय लावून घ्या: पासवर्ड छापू नका, त्याची लांबी छापा. लेन या फंक्शनने १६ आलं तर ठीक. १९ आलं तर तीन जागा शिल्लक आहेत. १७ आलं तर फाइलमधून वाचताना ओळीच्या शेवटचं न्यूलाइन चिकटलं आहे. स्प्लिट करून पुन्हा जॉइन केलं की साध्या आणि नॉन-ब्रेकिंग दोन्ही जागा जातात. पण व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून कॉपी केलेल्या मजकुरात शून्य रुंदीची अक्षरंही येतात. जोडाक्षरं नीट दिसावीत म्हणून मराठी टायपिंगमध्ये वापरलेला झेडडब्ल्यूजे त्यातलाच. स्प्लिट त्यांना पकडत नाही. अशा वेळी सोळाच्या सोळा अक्षरं हाताने टाइप करा.

मराठी टंकणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. कीबोर्ड मराठीवर असताना पासवर्डात अंक टाकले तर ते देवनागरी अंक पडतात. ते अंक सर्व्हरच्या दृष्टीने वेगळीच अक्षरं. गंमत अशी की पायथनचं इंट फंक्शन "९९३" ही देवनागरी अक्षरं घेऊन त्याचा आकडा बरोबर ओळखतं, त्यामुळे सेटिंगच्या फाइलमध्ये पोर्ट मराठीत लिहिला तरी चालून जातो आणि पासवर्ड मात्र अडतो. म्हणजे अर्धी फाइल बरोबर वाचली जाते आणि संशय भलतीकडे जातो.

पासवर्डातली चिन्हंही घोटाळा करतात. जीमेलच्या ॲप पासवर्डात नुसती अक्षरं असतात, पण होस्टिंगवाल्या खात्यात काहीही असू शकतं. डॉट-एन्व्ह या सेटिंगच्या फाइलमध्ये हॅशचं चिन्ह आलं आणि भोवती अवतरणचिन्हं नसली तर पुढचा भाग टिप्पणी समजून गळू शकतो. टर्मिनलमध्ये दुहेरी अवतरणात डॉलरचं चिन्ह आलं तर शेल त्यापुढच्या अक्षरांना व्हेरिएबल समजतं. पायथनच्या कॉन्फिगपार्सरला टक्क्याचं चिन्ह चालत नाही, ते दोनदा लिहावं लागतं किंवा इंटरपोलेशन बंद करावं लागतं. विंडोजच्या नोटपॅडमध्ये जतन केलेल्या फाइलच्या अगदी सुरुवातीला बॉम नावाचं एक अदृश्य चिन्ह असू शकतं, आणि पासवर्ड पहिल्याच ओळीवर असेल तर ते त्याला चिकटतं. या सगळ्यावर लांबी छापण्याची युक्ती लागू पडते.

आउटलुक: इथे पासवर्डच नको आहे

मायक्रोसॉफ्टच्या खात्यांचं वेगळं आहे. ऑफिसच्या एक्स्चेंज ऑनलाइन खात्यांसाठी त्यांनी १ ऑक्टोबर २०२२ पासून नाव-पासवर्डाचं लॉगिन बंद करायला घेतलं. आउटलुक डॉट कॉम आणि हॉटमेलच्या वैयक्तिक खात्यांसाठी ते १६ सप्टेंबर २०२४ ला बंद झालं. ॲप पासवर्डही आयमॅपला चालत नाही. म्हणजे तुमचा पासवर्ड शंभर टक्के बरोबर असला तरी "लॉगिन फेल्ड"च येणार. इथे एक तासही पासवर्डावर घालवू नका, थेट ओऑथकडे वळा.

"पण थंडरबर्डमध्ये तर माझं खातं चालतं!" असं लोक म्हणतात. चालतं, कारण थंडरबर्ड पासवर्ड पाठवतच नाही. ते ब्राउझरची खिडकी उघडून तुमची परवानगी घेतं आणि मिळालेलं टोकन वापरतं. त्यामुळे थंडरबर्ड चाललं याचा अर्थ पेटी चालू आहे, एवढाच घ्यायचा.

ओऑथची पूर्ण मांडणी हा वेगळा विषय आहे. लॉगिन जिथे अडतं त्या जागा तेवढ्या सांगतो. टोकन साधारण तासाभराचं असतं. प्रोग्रॅम सुरू केल्यावर चालला आणि जेवून आल्यावर बंद पडला, तर रिफ्रेश टोकन वापरून नवं टोकन घेणारा भाग तपासा. परवानगीची व्याप्ती, म्हणजे स्कोप, मेलसाठीचीच हवी. मायक्रोसॉफ्टकडे ग्राफ या त्यांच्या दुसऱ्या सेवेचं टोकन घेऊन आयमॅपच्या दारात गेलं तर नकार मिळतो, तिथे "आयमॅप डॉट ॲक्सेस-ॲज-युजर डॉट ऑल" लागतं. गूगलकडे आयमॅपसाठी पूर्ण मेलचा स्कोप लागतो, नुसत्या वाचनाचा चालत नाही. गूगलच्या प्रकल्पात ॲप "टेस्टिंग" अवस्थेत असेल तर रिफ्रेश टोकन ७ दिवसांत मरतं आणि "इन्व्हॅलिड ग्रँट" येतं. दर आठवड्याला प्रोग्रॅम बंद पडत असेल तर कारण बहुधा हेच. आणि मेलचा स्कोप असलेलं गूगलचं रिफ्रेश टोकनही खात्याचा पासवर्ड बदलल्यावर रद्द होतं.

इमॅपलिबमध्ये आणखी एक बारीक चूक होते. एक्सओऑथ२ (आयमॅपला ओऑथचं टोकन देण्याची रीत) साठी तयार केलेला मजकूर बेस६४ या सांकेतिक लिपीत बदलायचा असतो, पण इमॅपलिबचं ऑथेंटिकेट हे काम स्वतः करतं. आपणही केलं तर तो दोनदा बदलला जातो आणि सर्व्हरला काहीच उमगत नाही. मजकूर तसाच, फक्त बाइट्समध्ये द्या.

सगळं बरोबर, तरी दार बंद

काही वेळा कालपर्यंत चालणारा, एक अक्षरही न बदललेला प्रोग्रॅम अडतो. जीमेल एका खात्याला एका वेळी १५ आयमॅप जोडण्या देतं. फोन, टॅब, घरचा संगणक यांच्याही त्यात मोजल्या जातात. तुमचा प्रोग्रॅम दर फेरीला नवी जोडणी उघडून लॉगआउट न करता सोडून देत असेल तर लवकरच "टू मेनी सायमल्टेनियस कनेक्शन्स" दिसेल. फायनली ब्लॉकमध्ये लॉगआउट लिहा. आयमॅपवरून दिवसाला २५०० एमबी उतरवण्याचीही मर्यादा आहे. जुने सगळे मेल जोडपत्रांसह एका दिवसात ओढायला गेलात तर ती गाठली जाते.

घरच्या संगणकावर चालणारा प्रोग्रॅम दूरच्या क्लाउड सर्व्हरवर हलवला की खात्याला तो परका वाटू शकतो. "वेब ब्राउझरमधून लॉगिन करा" असा अलर्ट आला तर तेच करा आणि खात्याच्या सुरक्षा पानावर "हे मीच होतो" असं सांगा. सीपॅनेल (संकेतस्थळ आणि मेल सांभाळायचं पॅनेल) असलेल्या होस्टिंगवर चुकीचे प्रयत्न फार झाले की सीपीहल्क नावाची व्यवस्था तुमचा आयपी पत्ताच काही काळ अडवते. मग बरोबर पासवर्डालाही नकार मिळतो. ताईच्या प्रोग्रॅमने त्या रात्री मिनिटामिनिटाला दार वाजवलं होतं. असं कधीच करू नका.

आत शिरलात, पण माजघर सापडत नाही

"सर्च इललीगल इन स्टेट ऑथ" ही एरर आली की लोक तिलाही लॉगिनची अडचण समजतात. ऑथ अवस्था म्हणजे लॉगिन झालं आहे. फोल्डर निवडला गेलेला नाही. फोल्डर निवडणाऱ्या सिलेक्ट आज्ञेचं उत्तर तुम्ही तपासलं नाही आणि पुढे गेलात, एवढंच झालं आहे. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल, जसं जीमेलच्या "ऑल मेल"मध्ये आहे, तर इमॅपलिबला ते नाव दुहेरी अवतरणचिन्हांसकट द्यावं लागतं.

आणि ज्यांनी जीमेलची भाषा मराठी ठेवली आहे त्यांच्यासाठी: जीमेलच्या अशा खास फोल्डरांची आयमॅपमधली नावंही खात्याच्या भाषेप्रमाणे बदलतात. मग ती अँड चिन्हाने सुरू होणाऱ्या विचित्र अक्षरांत दिसतात, कारण आयमॅपमध्ये बिगर-इंग्रजी नावं वेगळ्या पद्धतीने लिहिली जातात. नाव पाठ करून कोडमध्ये लिहू नका. लिस्ट आज्ञा देऊन सगळे फोल्डर मागवा आणि ज्याच्यापुढे बॅकस्लॅश-ऑल किंवा बॅकस्लॅश-सेंट अशी खूण असेल तो घ्या. इनबॉक्स मात्र कुठल्याही भाषेत इनबॉक्सच राहतो.

मायक्रोसॉफ्टकडून "युजर इज ऑथेंटिकेटेड बट नॉट कनेक्टेड" आलं तर तेही याच जातीचं. ओळख पटली आहे, पेटीपर्यंत पोचता येत नाही. त्या पेटीसाठी आयमॅप बंद असेल किंवा सामायिक पेटीचं नाव चुकलं असेल. ऑफिसच्या ॲडमिनकडून पाहून घ्या.

प्रोग्रॅम पुन्हा कामाला लावण्याआधी

पासवर्ड कोडमध्ये लिहू नका. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये किंवा वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल गिटइग्नोरमध्ये घाला. पासवर्ड चुकून गिटहबवर गेलाच तर फाइल नुसती पुसून भागत नाही, तो इतिहासात राहतो. ॲप पासवर्ड रद्द करून नवा काढा.

पुन्हा प्रयत्न कधी करायचा याचे दोन वेगळे नियम लिहा. टाइमआउट, तुटलेली जोडणी, अनअव्हेलेबल यांना थोडं थांबून, दर वेळी जास्त थांबून, पुन्हा प्रयत्न करा. ऑथेंटिकेशन-फेल्ड आलं तर लगेच थांबा. तोच पासवर्ड पुन्हा पाठवून उत्तर बदलत नाही.

ताईचा प्रोग्रॅम आता एका नकारावर थांबतो आणि सर्व्हरची ओळ जशीच्या तशी डेस्कटॉपवरच्या एका फाइलमध्ये लिहितो, तारीख-वेळेसह. मागच्या श्रावणात एकदा तसं झालं. तिने फोनवर ती ओळ वाचून दाखवली, "अलर्ट"च्या पुढचे शब्द अडखळत उच्चारले, आणि दहा मिनिटांत नवा ॲप पासवर्ड काढून तिनेच तो फाइलमध्ये टाकला.